सुकडीचा मुटका

"जेवलीस का?" असं तिनं कधी कुनाला इचारलं न्हाय. "काय जेवलीस?" असं इचारायची. वाटंत गाठ पडू दे, आडावर पडू दे, न्हायतर मयताच्या घरी, तिचं त्येच. नव्या सुना गोंधळायच्या. शिळ्या भाकरीवर चटनी खाल्लेली चारचौघीत कशाला सांगावं? पर ती सोडायची न्हाय. म्हनायची, "जेवली का इचारलं की मानूस व्हय म्हनून मोकळं हुतं. काय जेवली इचारलं की घावतं."

ती जाऊन लई वरसं झाली. म्या अजून हाय. गुडघं गेल्यात, दात गेल्यात, पर तिचं बोलनं तसंच कानात हाय.

जळकोटाच्या अंगाला आमचं गाव. आमचं घर मेंढरावालं, तिचं बौद्धवाड्यात. एरवी आमची सोबत व्हायचं काय कारन नव्हतं. ती दुस्काळानं घालून दिली. बाहत्तरच्या साली आमची निम्मी मेंढरं उभ्या उभ्या मेली. उरलेली घिऊन मालक खाली कर्नाटकात गेलं, आन् म्या डोस्क्यावर पाटी घिऊन पाझर तलावाच्या कामावर गेले. तवर म्या कधी परक्याच्या हजेरीवर हुबी राह्यले नव्हते.

खडी फोडाय बायकांची रांग बसायची. ती टोकाला बसायची. आमच्या गल्लीतल्या बायका तिच्यापासनं जरा लांब बसायच्या. म्या बी पयल्यांदा हातभर लांबच बसले, खोटं कशाला बोलू.

तिचं सगळंच इपरीत. दगड फोडायच्या आधी त्येच्याशी बोलायची. "सरक बाबा, मला पोट हाय," म्हनायची, आन् मंग हातुडी घालायची. बायका हासायच्या. दगडाला तिनं नावं ठिवली व्हती. एका घावात फुटंल त्यो सासुरवाशीन. कितीबी घाव घाला, नुस्त्या ठिनग्या उडवील, त्यो जावईदगड. "त्येला लई मान द्यावा लागतो," म्हनायची आन् बाजूला सारायची. सांजच्याला मुकादम मापाला आला की तिच्या ढिगाशेजारी चार-पाच जावई रांगंनं बसल्याले असायचे.

"ह्ये का फोडलं न्हाईत?" मुकादम वरडायचा.

"रुसल्यात, मुकादम. तुमी समजूत घाला."

पायात एक चप्पल बाईची आन् एक गड्याची. गड्याची हायवेच्या कडंला घावलेली. म्हनायची, "एक पाय घरात, एक पाय रस्त्यावर, मंग चप्पल बी तशीच पायजे."

कामावर सरकार सुकडी वाटायचं. आताच्या पोरांना सुकडी ठावं न्हाय. भाजल्यालं पीठ, गूळ आन् तेल. मुठीत दाबली की त्येचा मुटका हुतो. दुपारच्याला त्यो मुटका हातात पडला की सगळी रांग गप व्हायची. एकदा मला ताप भरला. म्या पाटीखाली तोंड घालून पडले, सुकडीच्या रांगंत गेलेच न्हाय. उठले तर ही म्होरं बसल्याली.

"काय खाल्लंस?"

"खाल्लं की."

"त्ये न्हाय इचारलं. काय?"

मला सांगता यीना. तिनं पदरातनं आपला मुटका काढला, निम्मा मोडला आन् माझ्या हातात दाबला. म्या तिच्या पदरातलं खाल्लं. घरी सासूनं इचारलं न्हाय, म्या सांगितलं न्हाय. दुसऱ्या दिवसापासनं म्या तिच्याजवळ बसाय लागले. गल्लीतल्या बायका आठ दिस माझ्याशी बोलल्या न्हाईत, मंग दमल्या आन् बोलाय लागल्या.

तवा तिनं मला तिच्या सासूचं सांगितलं. सासू त्याच उन्हाळ्यात गेली व्हती. तापानं गेली म्हनत्यात. ताप व्हताच. पर ही कामावरनं रोज आपल्या वाट्याची सुकडी सासूला निऊन द्यायची, आन् सकाळच्याला निघताना दारातनं इचारायची, "आत्याबाई, जेवला का?" म्हातारी व्हय म्हनायची. गेल्यावर वाकळ उचलली तर खाली फडक्यात बांधल्याले मुटके. वाळून दगड झाल्याले. म्हातारीनं नातवंडासाठी राखून ठिवले व्हते.

"म्या रोज इचारत व्हते, आक्का," ती म्हनली. "रोज. पर चुकीचं इचारत व्हते."

एवढंच म्हनली, आन् हातुडी उचलली. ती रडली न्हाय. त्या साली रडाय घसा वला नसायचा.

तलावाचं खोदकाम खाली खाली गेलं तशी एक दिस कुदळीखाली काळा दगड लागला. गडी पानी प्याय गेल्याले, म्हून कुदळ हिच्या हातात. तिनं आपलं नेहमीसारकं "सरक बाबा" म्हनलं आन् घाव घातला. ठन्न वाजलं. माती सारली तर बाईचं तोंड. नाक सरळ, कानात मोठाल्या कुड्या, वठ जरासं हासरं. आन् कुदळीनं तिचा हात मनगटातनं तुटून बाजूला पडल्याला.

हात लहान, आठ-धा वरसाच्या पोरीचा असावा एवढा. पर मुठीत गोल कायतरी धरल्यालं. आमी चार-पाच जनी वाकून बघाय लागलो. एक म्हनली लाडू. एक म्हनली कवट. एकीला कांदा वाटला. पोटात काय नसलं की दगडात बी खायाचंच दिसतं. हिनं हात उचलून तळव्यावर फिरवला आन् म्हनली, "सुकडीचा मुटका हाय. बोटाचं वळ बघा की, दाबल्यात."

आमाला पटलं. मुटक्यावर बोटाचं वळ असंच उठत्यात.

तेवढ्यात मुकादम पळत आला. मूर्ती बघून त्येनं कपाळाला हात लावला. "आता साहेब येनार, पंचनामा हुनार. कुनी मोडली ही? ज्येनं मोडली त्येचं नाव हजेरीतनं कायमचं काटनार म्या!"

बाकीच्या बायका आपापल्या ढिगाकडं वळल्या. दुस्काळात हजेरीतनं नाव जानं म्हंजे चूल इझनं. हिच्या घरी दोन लेकरं. हिनं हात पाटीखाली सारला आन् पाटीवर बसली. म्या तिच्या शेजारी बसले. तिसऱ्या दिशी साहेबाचा ट्रक आला, मूर्तीला पोत्यात गुंडाळून घिऊन गेला. हात हिच्यापाशीच राह्यला.

तितनं फुडं ती दोन्हीकडनं बोलनी खात राह्यली. गावातला गुरव म्हनायचा, "भंगल्यालं घरात ठिवू नगं, पान्यात सोड."

"कुटल्या पान्यात?" ही म्हनायची. "आडाच्या तळाला उतरून आले म्या. बेडूक बी गाव सोडून गेलाय."

तिचा दीर शिकल्याला, तालुक्याला नोकरीला. त्यो वेगळंच बोलायचा. "वैनी, आपुन धर्म घेतला तवाच देव सोडले. आन् तुमी देवीचा हात कोनाड्यात ठिवता? लोक काय म्हनतील?"

"म्या कुटं पुजतीया, भाऊजी? हळद न्हाय, कुकू न्हाय, हात जोडत न्हाय. ही देव न्हाय मला. ही बाई हाय. हिच्या हातातलं खायाचं म्या मोडून आनलंय, दुस्काळात. तेवढं तिचं तिला पोचवायचं हाय."

तिच्याशी बोलून कुनी जिंकल्यालं म्या बघितलं न्हाय.

आन् हे खुळ न्हवतं, मंडळी. तिला त्ये लागून राह्यलं व्हतं. पाऊस पडला, दुस्काळ सरला. तिकडं माकनीला मोठं धरन बांधाय घेतलं, आमच्याकडं दूध सोसायटी निघाली, तिनं एक म्हस घेतली. सोसायटीत दूध घालाय गेली की माप लावनाऱ्याला आधी सांगायची, "आज म्हशीनं नुस्तं वाळकं चिपाड खाल्लंय, दूध पातळ लागंल, मला चोर म्हनू नगा." त्यो म्हनायचा, "म्हशीला बी इचारतीस का काय जेवलीस म्हून?" ती म्हनायची, "म्हस खोटं बोलत न्हाय, तिला इचारायची गरज न्हाय." असं सगळं हासनं-खेळनं चालायचं. पर पंगतीत वाढाय लागली आन् कुनी हात हालवून नगं म्हनलं, की तिचं तोंड उतरायचं. एकदा मला म्हनली, "आक्का, ती बाई कुटं तरी हुबी असंल. रिकामं मनगट म्होरं करून."

मंग शाळंच्या मास्तरनं पोरांची सहल सोलापूरला नेली. परत येऊन सांगितलं, आपल्या तलावातली मूर्ती तितल्या अजबखान्यात ठिवलीया, गावाचं नाव बी लिवलंय. त्या दिशी तिनं दूध घालताना सांडलं. दुसऱ्या सकाळी अंधारातच माझ्या दारात हुबी. पिशवीत भाकरी, मिरचीचा भुरका, आन् फडक्यात हात.

"चल."

"मालकाला इचारून—"

"इचारलंय म्या. जा म्हनले."

मालक वाकळंत झोपल्यालं. त्येंनी झोपंतच जा म्हनलं असनार.

यष्टीनं आमी सोलापुरात उतरलो तवा गिरनीचा भोंगा वाजला. ती म्हनली, "एवढं मोठं गाव, आन् जेवाय बोलावताना असं वरडत्यात?" इचारत इचारत अजबखान्यात पोचलो. दारात राखनदार, खाकी सदरा, मोठाल्या मिशा. तिनं चपला भाईर काढल्या. त्येनं त्या जोडीकडं बघितलं, मंग तिच्याकडं.

"पिशवीत क्या है, मावशी?"

"भाकर."

"और?"

"मुटका."

"खाना अंदर नही खाने का. भाईर बसून खायाचं."

"आमी न्हाय खानार," ती म्हनली. आन् त्येनं सोडलं. ती खरंच बोलली व्हती.

आत गार व्हतं. फरशी अशी गुळगुळीत की म्या भितीला धरून चालले. पयल्या दालनात नुस्त्या तसबिरी, मानसापरीस मोठ्या. एक राजा व्हता, गळ्यात मोत्याच्या माळा, पोट म्होरं. तिनं त्येला खालनं वर बघितलं. "ह्यो जेवलाय," म्हनली, आन् फुडं गेली. एका तसबिरीत नाजूक बाई डोक्यावर घागर घिऊन चालल्याली. ती लई येळ बघत राह्यली.

"काय गं?"

"चुंबळ न्हाय. घागर भरल्याली, आन् डोस्क्यावर चुंबळ न्हाय. मान बी वाकली न्हाय. ह्येनं पानी आननारी बाई बघितलीच न्हाय कधी." मंग राखनदाराला म्हनली, "दादा, ह्ये काडनाऱ्याला सांगा, चुंबळ राह्यली."

"वो मर गया, मावशी. सौ साल हुए."

"मंग ऱ्हाऊ द्या."

एका तसबिरीत ताटभर फळं, आंबं, द्राक्षं, अर्धं कापल्यालं कलिंगड. त्येच्यापशी ती थांबली न्हाय. पाठ फिरवून भरभर गेली. म्या वळखलं, आता तिला धीर निघत न्हाय.

दगडाच्या मूर्त्या मागच्या दालनात व्हत्या. म्या दुसरीपतोर शिकल्याली, अक्षरं लावत लावत एकेक पाटी वाचाय लागले. तिला पाटीची गरज लागली न्हाय. लांबूनच म्हनली, "ती बघ."

तीच. त्याच कुड्या, त्योच हासरा वठ. अंगावरची माती धुतल्याली, म्हून जरा परकी वाटली. आन् तिचं मनगट म्होरं आल्यालं, रिकामं. म्या पाटी वाचली: "दे-वी. भ-ग्न."

"भग्न म्हंजे?"

"कुनास ठावं. मग्न असंल. ध्यानात बसल्याली."

"मोडकी," राखनदार मागनं म्हनला. त्यो आमच्या मागंमागंच व्हता.

"मंग मोडकी लिवा की," ती म्हनली. "मोडनाऱ्याला वाचता आलं पायजे."

आन् तिनं पिशवीतनं फडकं काढलं, सोडलं, आन् हात हातात धरून मूर्तीपशी गेली.

राखनदारानं बघितलं काय, तर हात तुटल्याली मूर्ती आन् हिच्या हातात दगडाचा हात. त्येची शिटी तोंडातच आडकली. "अरे बापरे! तोड दिया! साहेब! मावशीने देवी तोड दी!"

मानसं पळत आली. मला वाटलं, बारा वरसामागचा पंचनामा आता हुनार. तिकडनं एक साहेब आला, तरणाच, चष्मेवाला, हातात पेन.

"काय झालं? हा हात तुम्ही तोडला?"

"व्हय," ती म्हनली. "पर आज न्हाय. दुस्काळात."

तिनं सगळं सांगितलं, कुदळ, मुकादम, हजेरी, पाटी. एक शबूद लपवला न्हाय. राखनदार मधीच पोलिसाचं कायतरी बोलाय लागला तर साहेबानं त्येला हातानं गप केलं. त्येनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आन् तिच्या हातातनं त्यो हात असा घेतला जसं अंडं घेत्यात. मनगटाला लावला. चट्ट बसला. चीर केसाएवढी बी दिसंना.

साहेबाचंच तोंड फुललं. "अहो, हे महाळुंग आहे! हातात महाळुंग! म्हणजे ही महालक्ष्मी असणार. बारा वर्षं आम्हाला कळत नव्हतं ही कोण आहे."

"महाळुंग काय असतं?"

"फळ. लिंबासारखं, मोठं."

"सुकडी न्हाय?"

"सुकडी?" साहेब हासाय लागला, मंग थांबला. "नाही, मावशी. ही मूर्ती आठशे वर्षं जुनी असेल. तेव्हा सुकडी कुठली?"

तिनं जरा इचार केला. "फळ तर फळ. खात्यात न्हवं?"

"हो. खातात."

"मंग बसवा."

तितं साहेब आडला. म्हनला, असं कायमचं चिकटवायला त्येला हुकूम न्हाय, वर लिवावं लागंल, मुंबैवरनं मंजुरी येईल, मंग कारागीर येईल. तवर हात नंबर घालून आतल्या कपाटात ठिवतो.

"कपाटात?"

"कुलूप असतं. सुरक्षित राहील. मी स्वतः ठेवतो."

तिचं तोंड तसं झालं जसं पंगतीत व्हायचं. "साहेब," ती म्हनली, "दुस्काळात धान्य बी कुलपातच सुरक्षित व्हतं. आमी भाईर व्हतो."

साहेबाचा काय दोष, त्यो तवा चड्डीत असंल. त्येनं आमचा पत्ता लिवून घेतला, मंजुरी आली की पत्र धाडतो म्हनला. पत्र काय आलं न्हाय, आन् खरं सांगते, आमी वाट बी बघितली न्हाय. तिचं काम त्या दिशीच झालं व्हतं.

झालं असं. साहेब हात घिऊन निघाला तशी तिनं त्येची बाही धरली. राखनदार फुडं आला, पर ती सोडंना.

"ठिवा कपाटात," म्हनली. "तुमचा बी हुकूम असनार. पर आत्ता जरा तितं धरा. मनगटाला."

"धरू? कशासाठी?"

"खाऊ द्या तिला."

राखनदार फिसकन हासला. दोन शाळंची पोरं बी हासली. साहेब हासला न्हाय. त्येनं तिच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. म्या मान हालवली. त्येनं पेन खिशाला लावलं, वाकला, आन् दोन्ही हातानं त्यो हात मनगटाला लावून धरला.

आमी हुबं राह्यलो. ती हात जोडत नव्हती, डोळं मिटत नव्हती. लेकराला जेवताना आई बघती तशी नुस्ती बघत व्हती. तिनं पदराचा शेव तोंडावर धरला. पोरं हासायची थांबली. दगडाचा हात जड असतो, साहेबाच्या कपाळावर घाम आला. राखनदारानं मिशीवरनं हात फिरवला आन् गपचिप दुसऱ्या अंगानं जाऊन खालनं आधार दिला.

"मावशी," साहेब हळूच म्हनला, "झालं का?"

"थांबा. उपाशी मानूस भरभर खात न्हाय. ठसका लागतो."

त्यो थांबला. अजून बराच येळ थांबला. मंग तिनं पदर तोंडावरनं काढला, नीट खोचला.

"झालं तिचं," ती म्हनली. "आता कुटंबी ठिवा."